नाही म्हणायला सोबत लागते

चाकणच्या एखाद्या कारखान्यात कॉम्प्रेस्ड एअरची नवी लाइन टाकायची असते. परचेसवाला तीन कोटेशनं मागवतो. तिघे कंत्राटदार वेगवेगळ्या दिवशी साइट बघून जातात. तिघांचेही गाळे भोसरीत, दोन-चार गल्ल्यांच्या आत. पहिल्याला सांगितलं जातं, "शेठ, तुमच्यापेक्षा बारा टक्के कमीवाला बसलाय." दुसऱ्यालाही हेच सांगितलं जातं. तिसऱ्याला सांगावंच लागत नाही, तो धास्तीने आधीच कमी भरून मोकळा झालेला असतो. ज्याला काम मिळतं त्याला पहिल्या आठवड्यात कळतं की जुना पाइप रॅक, म्हणजे पाइप ठेवायचा सांगाडा, नव्या लाइनचं वजन पेलणार नाही, त्याला आधार देण्याचं काम बीओक्यूमध्ये (कामाच्या आणि मापांच्या यादीत) नाही आणि हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंग-कटिंगची परवानगी, फक्त गुरुवारी, कारखाना बंद असताना, मिळणार आहे. ज्यांना काम मिळालं नाही त्या दोघांपैकी एकाने तो रॅक साइट बघतानाच हेरला होता. त्याने कुणाला सांगितलं नाही. का सांगावं? कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्यातल्या स्वतंत्र मेकॅनिकल कंत्राटदारांची सगळ्यात मोठी अडचण कमी रेट ही नाही, भांडवलाची चणचण ही नाही आणि कामगार मिळत नाहीत हीसुद्धा नाही, असं माझं मत आहे. या माणसाला नाही म्हणता येत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. चुकीच्या कामाला, घातक घाईला, ॲडव्हान्स न देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो नाही म्हणू शकत नाही, कारण आपण सोडलेलं काम दुसरा लगेच उचलेल अशी त्याची खात्री असते. आणि तो दुसरा म्हणजे शेजारच्या गाळ्यातला, याच्याइतकाच घाबरलेला माणूस. धंदेबंधूंनी एकमेकांशी नियमित, मोकळं बोलण्याची किंमत मी याच मापाने मोजतो: त्यामुळे किती लोकांना नाही म्हणणं परवडू लागलं?

कोणाबद्दल बोलतोय ते सांगतो. डक्टिंग आणि एसीवाले, चिल्ड वॉटरवाले (इमारत गार ठेवणाऱ्या थंड पाण्याच्या लाइनवाले), प्लंबिंग आणि फायर लाइनवाले, स्टीम पाइपिंगवाले, मशीन शिफ्टिंगवाले. मालक एकच, तोच इंजिनिअर, तोच मार्केटिंग, रात्री मेजरमेंट शीट भरणाराही तोच. हाताखाली पाच ते पंचवीस माणसं, एक पिकअप, भाड्याचा गाळा, हिशेबाला घरचं कुणीतरी. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव, जेजुरी, कुरकुंभ इथले कारखाने आणि हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारती थंड, कोरड्या, पाण्याने भरलेल्या आणि आगीपासून सुरक्षित राहतात त्या या लोकांमुळे. इमारतीवर पाटी मात्र बिल्डरची लागते, आर्किटेक्टची लागते, चिलर बनवणाऱ्या कंपनीचीही लागते.

आता कुणी म्हणेल, नेटवर्किंग तर जोरात चाललंय की! पहाटे हॉटेलात जमायचं, कोट घालायचा, साठ सेकंदांत स्वतःची ओळख करून द्यायची, एकमेकांना रेफरन्स द्यायचे. त्यातून कामं मिळतात, मी नाकारत नाही. पण अशा बऱ्याच मंडळांत एका धंद्याचा एकच माणूस घेतात. एक सीए, एक इंटिरिअरवाला, एक एसीवाला. म्हणजे ज्याच्याशी बोलायची सर्वाधिक गरज आहे तो नियमानेच दाराबाहेर. सीएला डक्टच्या लीकेजबद्दल काय विचारणार? तिथे गिऱ्हाईक मिळतं, धंदेबंधू मिळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तांत्रिक संस्थाही आहेत. वातानुकूलन क्षेत्रातल्या इंजिनिअरांची इशरे १९८१ साली दिल्लीत सुरू झाली, प्लंबिंगवाल्यांची इंडियन प्लंबिंग असोसिएशन १९९३ ची. पुण्यात दोन्हींच्या शाखा आहेत. तिथलं ज्ञान खरं आहे. मात्र सेमिनार संस्थेचा असो की कंपनीचा, छोट्या कंत्राटदाराच्या मनातला प्रश्न तिथे निघत नाही. "त्या अमुक पीएमसीवाल्याने (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने) तुझं शेवटचं बिल दिलं का रे?" हे स्टेजवरून कोण विचारणार?

तो प्रश्न किती मोलाचा आहे हे आकड्यांत बघू. वीस लाखांचं काम धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख साठ हजार. तांबं, पत्रा, इन्सुलेशन घेताना भरलेला कर यातून वजा होतो. उरलेला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला सरकारजमा करावा लागतो, गिऱ्हाइकाने दमडी दिलेली असो वा नसो. धंदा स्वतःच्या नावावर असेल तर टीडीएस एक टक्का. रिटेन्शन, म्हणजे गिऱ्हाईक हमी म्हणून राखून ठेवतो ती रक्कम, पाच टक्के धरलं तर एक लाख रुपये, डिफेक्ट लायबिलिटीचं (दोष निघाल्यास दुरुस्त करून द्यायचं) वर्ष सरेपर्यंत अडकलेले. नफा दहा टक्के सुटला तर दोन लाख. म्हणजे नफ्यातला निम्मा हिस्सा समोरच्याच्या खिशात वर्षभर बिनव्याजी पडून. उरलेला निम्मा शेवटच्या आरए (कामाच्या टप्प्यांप्रमाणे लावायच्या) बिलात, आणि ते बिल स्नॅग लिस्ट (उणिवांची यादी), जॉइंट मेजरमेंट (दोघांनी मिळून घेतलेली मापं) आणि "वरून आलं की देतो" या तीन दारांतून बाहेर पडायचं असतं. मधल्या काळात फिटरचा पगार दर महिन्याला, पत्र्याच्या डीलरचा चेक दर तीस दिवसांनी. असं एक बुडीत काम पुढच्या चार चांगल्या कामांची कमाई गिळतं.

यावर कायदा आहे, आणि तो बरा आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ च्या फायनान्स ॲक्टने आयकरातही पेच मारला: मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष दिल्याशिवाय वजावटीत दाखवता येत नाही, १ एप्रिल २०२४ पासून. तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. मग अडतंय कुठे?

दोन ठिकाणी. एक म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम, या कायद्याच्या कक्षेत येतं की नाही यावर न्यायालयांत वाद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने येत नाही अशी भूमिका घेतलेली आहे. मेकॅनिकल कंत्राटदाराचं जवळजवळ सगळं काम याच प्रकारचं. म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्याला आपलं छत्र फाटकं आहे हे पाऊस आल्यावर कळतं. सप्लायची आणि इन्स्टॉलेशनची ऑर्डर वेगळी घ्यावी का, कशी लिहून घ्यावी, हा सल्ला वकिलाकडून विकत घेता येतो किंवा आधी पोळलेल्या धंदेबंधूकडून ऐकता येतो. वकिलाकडे जावंच, पण कोणता प्रश्न विचारायचा हे बहुतेक वेळा पोळलेला माणूसच सांगतो.

दुसरी अडचण मोठी. तक्रार केली की पुढचं काम गेलं. एकट्या कंत्राटदाराने मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध अर्ज करायचा म्हणजे त्या गिऱ्हाइकाचं दार कायमचं बंद करून घ्यायचं. परचेस मॅनेजर नोकरी बदलतो तेव्हा व्हेंडर लिस्ट सोबत नेतो, आणि "भांडखोर आहे" हा शेराही. समोरची बाजू अशी आपसात बोलते. बिल्डरांची क्रेडाई आहे, कन्सल्टंट एकमेकांना ओळखतात, कंपन्यांच्या परचेस खात्यांची वर्षानुवर्षांची ओळखपाळख असते. त्यात गैर काहीच नाही. फक्त एका बाजूने सगळे बोलायचे आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येकाने आपापल्या पिकअपमध्ये बसून एकटंच कुढायचं, ही वाटणी अजब आहे.

बँका एकमेकींच्या कर्जदारांची कुंडली सिबिलमधून काढतात. त्याला कुणी कारस्थान म्हणत नाही, शहाणपण म्हणतात. वीस लाखांचं काम उधारीवर करणारा कंत्राटदारही एक प्रकारची बँकच चालवत असतो, तीही तारण न घेता. मग त्याने काम घेण्याआधी दोन धंदेबंधूंना फोन करून "इथे पैसे कसे सुटतात?" एवढं विचारलं तर आगाऊपणा कसा? या देवाणघेवाणीला शिस्त मात्र हवी. "तो चोर आहे" असं सांगण्याने कुणाचं भलं होत नाही, शिवाय अंगाशी येतं. ऑर्डरची तारीख, बिलाची तारीख, पैसे जमा झाल्याची तारीख, रिटेन्शन परत मिळालं की नाही, एवढं पुरे. निष्कर्ष ऐकणारा काढेल.

हे पुण्यात नवं नाही, आणि याची आठवण इथल्या लोकांनाच नाही याचं मला नवल वाटतं. देशभरच्या बांधकाम कंत्राटदारांची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ साली पुण्यात स्थापन झाली, आणि ती काढली मिलिटरी इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याच्या, कंत्राटदारांनी. युद्धाचा काळ होता, काम देणारा एकच आणि तोही सरकार. एकाच टेबलावर बिलं घेऊन उभे राहणारे लोक शेवटी एकमेकांशी बोलू लागतात, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्याआधी १९३४ साली व्यापारी-उद्योजकांचं मराठा चेंबर उभं राहिलं होतं. आज मेकॅनिकलवाल्यांना काम देणारा एकच नाही, शंभर आहेत. म्हणून आपली अडचण एकसारखी आहे हे दिसत नाही.

आणखी मागे जायचं तर जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (धंद्याच्या संघटनेने) लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे, साधारण सतराशे वर्षांपूर्वीचा. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी एका उपासिकेने कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत एक श्रेणी पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची होती. पंपवाल्या-पाइपवाल्यांच्या संघटनेकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत होते! आज तशाच मंडळींनी एकत्र येऊन ठेव मागितली तर कुणी देईल का, हा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवतो.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे हातातलं ज्ञान. पुस्तकात ते नसतं असं नाही; पण पुस्तक साइटवर नसतं. एक उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं आणि तरी नसतं. एसीच्या कॉपर लाइनची प्रेशर टेस्ट नायट्रोजनने करायची असते. सिलिंडर संपलेला असतो, डीलरचं दुकान बंद असतं, बाजूला ब्रेझिंगचा (तांब्याचे जोड डागायचा) ऑक्सिजन उभा असतो. एखादा फिटर म्हणतो, गॅस तो गॅस. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरमधल्या तेलाला भेटला की स्फोट होतो. जो हे जाणतो त्याने ते दहा जणांना सांगितलं तर जीव वाचतात, आणि त्याच्या धंद्याचं एका रुपयाचंही नुकसान होत नाही.

शिवाय जमीन पायाखालून सरकते आहे. ज्यांचा हात आर-२२ या एसीतल्या जुन्या गॅसवर बसला त्यांना आर-४१० ए चा साधारण दीडपटीहून जास्त दाब शिकावा लागला. आता आर-३२ आहे, तो सौम्य का होईना ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन. तापमानवाढ रोखण्यासाठीच्या किगाली करारानुसार भारताला २०२८ पासून एचएफसी, म्हणजे एसीत भरायच्या एका कुळातल्या, वायूंचा वापर गोठवायचा आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. म्हणजे आज तिशीतल्या कंत्राटदाराला निवृत्त होईपर्यंत आणखी दोन-तीनदा तरी हत्यारं आणि सवयी बदलाव्या लागणार. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी ट्रेनिंग खातं असतं. छोट्याकडे काय असतं? रात्री दहानंतर मोबाइलवर कुणातरी अनोळखी माणसाचा व्हिडिओ.

आणि काही ज्ञान इतकं स्थानिक असतं की ते कुठल्याच व्हिडिओत सापडत नाही. धरणाचं पाणी पुरेसं पोचतं तो पुण्याचा भाग आणि बोअर-टँकरवर जगणारा कडेचा पट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोसायटीच्या गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचं किंवा हीट पंपाचं ड्रॉइंग कन्सल्टंटच्या कपाटातलं, सगळीकडे एकच. कडेच्या भागात बोअरच्या जड पाण्याने दोन-तीन वर्षांत एक्स्चेंजर, म्हणजे पाणी तापवणारा भाग, क्षार बसून आतून पांढरा होतो, मग गरम पाणी येत नाही, मग कमिटीची मीटिंग, मग "कॉन्ट्रॅक्टरने काम नीट केलं नाही." ज्याने शेजारच्या सोसायटीत तो एक्स्चेंजर खोलून पाहिलेला असतो तो पहिल्याच भेटीत सॉफ्टनरचा (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचा) आग्रह धरतो. ज्याने पाहिलेला नसतो तो सॉफ्टनर वगळून स्वस्त पडतो आणि काम घेतो. इथे स्वस्तात काम घेणारासुद्धा फसतो, हे लक्षात घ्या. रिटेन्शन त्याचंच अडकतं.

पूर्वी अशा गोष्टी पसरवायला काही करावं लागत नसे. कसब्याच्या तांबट आळीत घराला घर लागून, ठोक्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा. कोण काय घडवतोय आणि कुणाचं भांडं कुठे फाटलं हे आळीला आपोआप कळायचं. साइटवरच्या धंद्याला आळी नाही. आज खराडी, परवा रांजणगाव. जे शेजारपणाने फुकट मिळत होतं ते आता मुद्दाम जमवावं लागतं, एवढाच फरक.

हत्यारांचंही तेच. फायर लाइनच्या पाइपला खाच पाडायचं ग्रूव्हिंग मशीन, एचडीपीईचे (प्लास्टिकचे) पाइप वितळवून जोडायचं बट-फ्यूजन मशीन, एसीतला गॅस काढून साठवायचं रेफ्रिजरंट रिकव्हरी मशीन, हवा मोजायचा हूड: घेताना घाम फुटतो आणि मग वर्षाचे कित्येक महिने ताडपत्रीखाली झाकून पडतात. त्यामुळे बरेच जण घेतच नाहीत. रिकव्हरी मशीन नसलं की गॅस सरळ हवेत सोडला जातो. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या छोट्या उत्पादकांसाठी चाचणीच्या सामाईक सोयी आहेत, सरकारी मदतीने उभ्या राहिलेल्या. ते योग्यच झालं. पण क्लस्टर म्हटलं की सरकारच्या डोळ्यांसमोर शेड आणि मशीन शॉप येतं. ज्याचा कारखाना दर महिन्याला दुसऱ्याच्या जागेत उभा राहतो तो त्या चित्रात बसत नाही. मेकॅनिकल कंत्राटदारांसाठी हत्यारांची सामाईक बँक आणि गेज कॅलिब्रेशनची सोय ही मागणी करायला हरकत काय? पण मागणी करणारा कुणी एक नाव घेऊन समोर असला पाहिजे. दोनशे सुटे कंत्राटदार दोनशे अर्ज करत नसतात.

माणसांचा मामला जास्त नाजूक आहे. मे महिन्यातलं आणि दिवाळीतलं शटडाउन सगळ्या कारखान्यांचं एकदमच येतं, आणि आर्गनचा वेल्डर प्रत्येकाला तेव्हाच हवा असतो. त्यात छठ, ईद, गावाकडची पेरणी. धंदेबंधूंत बोलणं असेल तर चार माणसं आठवड्यासाठी इकडून तिकडे जातात, पीएफ-ईएसआयची कागदपत्रं आधीच तयार असली तर गेट पासही अडत नाही. बोलणं नसेल तर पळवापळवी सुरू होते. फिटरने एकाकडून उचल घेतलेली असते, दुसरा रोजचे शंभर रुपये जास्त दाखवतो, माणूस रातोरात गायब. मग पहिला शिव्या घालतो आणि महिन्याने स्वतः तेच करतो.

इथे मात्र मी कंत्राटदारांच्या बाजूने सरसकट उभा राहणार नाही. "आपण एकमेकांचे फिटर घ्यायचे नाहीत" असा ठराव ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो फिटरच्या पोटावर पाय आहे. जास्त पैसे मिळतात तिथे जाणं हा त्याचा हक्क आहे. चालू काम अर्धवट टाकू नये आणि उचल फिटल्याशिवाय जाऊ नये एवढी रीत ठीक. त्यापुढे मालकांनी आपसात पगार बांधून घेतले तर त्याला नेटवर्किंग म्हणू नये.

हाच धागा धरून सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो. धंदेवाले जमले की भाव ठरवणारच, असं म्हणतात. टेंडर मॅनेज करणं, रिंग करणं हे शब्द ज्यांच्या कानावरून गेले नाहीत असा माणूस या धंद्यात विरळा. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट आहे: स्पर्धकांनी मिळून किंमत ठरवणं, बोली वाटून घेणं हा बेकायदा व्यवहार आहे आणि त्यावर जबर दंड बसतो. माझं म्हणणं असं की भीती खरी आहे, पण ती उलट्या बाजूला बोट दाखवते. रिंग करणाऱ्यांना मंडळ लागत नाही; त्यांना एक हॉटेल आणि तीन फोन पुरतात. उघड सभासदयादी, लिहिलेलं इतिवृत्त आणि "चालू टेंडर आणि रेट हा विषय इथे निघणार नाही" असा पहिलाच नियम असलेली जागा ही रिंगसाठी सगळ्यात गैरसोयीची जागा आहे. शिवाय रेट सोडला तरी बोलण्यासारखं पुष्कळ उरतं. सुरुवातीच्या त्या चाकणच्या कामात तिघांनी रेटबद्दल अवाक्षरही काढायची गरज नव्हती. रॅक कमजोर आहे हे तिघांच्या कोटेशनमध्ये लेखी आलं असतं, तर कारखान्याचंही भलंच झालं असतं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. पुण्यात धंदेबंधूंची जाळी आधीपासून आहेत, फक्त त्यांवर पाटी नाही. एका कॉलेजचे, एका गावचे, एका जातीचे, एका आयटीआयच्या बॅचचे. त्यांतल्या माणसाला फोन करायला दहा जण असतात आणि बाहेरच्याला एकही नाही. दलित उद्योजकांची डिक्की २००५ साली पुण्यातच उभी राहिली ती उगाच नव्हे. नवं मंडळ काढून जुनीच माणसं जुन्याच ओळखींनी भरली तर काय साधलं? म्हणून प्रवेश कामावरून द्यावा: इतकी कामं पुरी केली, ही कागदपत्रं, हे दोन गिऱ्हाइकांचे नंबर. शिफारस मागू नये. शिफारस मागितली की आडनाव आलंच.

आणि आता ते, ज्यामुळे हा केवळ कंत्राटदारांचा घरगुती प्रश्न राहत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र, फॉर्म बी, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. प्रत्यक्ष तपासायचं तर पंप चालवून बघायचा, वरच्या मजल्यावरच्या हायड्रंटला दाब मोजायचा, स्प्रिंकलरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का बघायचं, टाकीत पाणी आहे का बघायचं. दोन माणसं, एक दिवस. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, "अहो, तो दुसरा तर फोटोवर करून देतो, अर्ध्या पैशांत." एकटा कंत्राटदार इथे काय करेल? सात वेळा नाही म्हणेल. आठव्या वेळी घरभाडं थकलेलं असेल.

सही न करता परत पाठवलेली इमारत दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एजन्सीकडे जाते. पहिल्याने का परत पाठवली हे दुसऱ्याला ठाऊकच नसतं. ठाऊक असेल तर? त्यालाही एक वेळ थांबावंसं वाटेल, निदान पंप तरी चालवून बघावासा वाटेल. सगळे साधू होतील असा माझा भाबडा समज नाही. पण दहांतल्या चार जणांनी एकाच कारणासाठी, लेखी, नकार दिला तर सेक्रेटरीला मीटिंगमध्ये ते वाचून दाखवावं लागतं, आणि चौथ्या पत्रानंतर पंप दुरुस्तीला पैसे मंजूर होतात. यात कुठेही किंमत ठरवलेली नाही. फक्त नकार एकटा पडलेला नाही.

स्टीम लाइनचंही असंच. आयबीआरच्या, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखालच्या, कामाला बॉयलर इन्स्पेक्टर असतो, वेल्डरची परीक्षा असते, म्हणून तिथे "असू दे, चालतंय" म्हणायला बाहेरचा कुणीतरी अडवतो. कॉम्प्रेस्ड एअर, डक्ट, चिल्ड वॉटर, गॅसची लाइन यांना तसा रोजचा पहारेकरी नाही. तिथे कंत्राटदाराचा स्वतःचा नकार हाच पहारा.

कसं करावं याबद्दल फार सांगत नाही, कारण माझ्याकडे आराखडा नाही. लहान असावं, वीस-पंचवीस जणांचं. त्याहून मोठं झालं की अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि काम थांबतं. एकाच धंद्याच्या लोकांचं असावं, म्हणजे डक्टवाले वेगळे, फायरवाले वेगळे. वर्षातून दोनदा एकत्र. भेट हॉटेलात नको, कुणाच्या तरी चालू किंवा नुकत्याच संपलेल्या साइटवर, गुरुवारी दुपारी. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन. उघडं काम समोर असलं की माणूस बढाया मारत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप लागेलच, पण त्यावर सुप्रभात आणि वाढदिवस यांना बंदी. वर्गणी जरूर असावी, फुकटच्या गोष्टीला पुण्यात कुणी वेळेवर येत नाही. त्या वर्गणीतून पहिली खरेदी रिकव्हरी मशीनची करावी की वर्षभरासाठी एक वकील बांधावा, यावर पहिल्याच सभेत भांडण होईल. माझं मत वकिलाला. मशीन भाड्याने मिळतं.

आणि एक खुर्ची फिटरला द्यावी. वर्षातून दोन-तीनदा तरी, कामातल्या जुन्या वेल्डरला, डक्टवरच्या मेस्त्रीला बोलवून विचारावं की कुठल्या साइटवर शिडी नीट नव्हती, कुठे अंधारात काम करायला लावलं, कुठे दुपारच्या पाण्याची सोय नव्हती. मालकांच्या सभेत हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण कोणत्या कामाला नाही म्हणायचं याची यादी करायची असेल, तर निम्मी नावं त्यालाच माहीत असतात.